पान जागचे न हलता: वेबपानावरून सर्व्हरकडे माहिती पाठवणारी स्क्रिप्ट

ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरची माहिती सर्व्हरपर्यंत पोचण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला फॉर्मचा. माणूस रकाने भरतो, बटण दाबतो, ब्राउझर माहिती पाठवतो आणि उत्तरादाखल आलेले नवे पान जुन्याच्या जागी उघडतो. दुसरा स्क्रिप्टचा. इथे पान जागचे हलत नाही. त्यातला जावास्क्रिप्टचा कोड माहिती गोळा करतो, पाठवतो, उत्तराची वाट पाहतो आणि उत्तर आले की पानाचा हवा तेवढाच भाग बदलतो. तिकीट काढताना स्टेशनच्या नावाची दोन अक्षरे टाइप करताच उघडणारी यादी, ईमेल लिहिता लिहिता आपोआप सेव्ह होणारा मसुदा, नकाशा सरकवला की भरत जाणारे चौकोन, हे सगळे दुसऱ्या मार्गाचे.

नेटवर्कवरून दोन्हीकडे जाते ती एचटीटीपीची विनंतीच. पत्ता, पद्धत, हेडर आणि असलीच तर बॉडी, इतकाच तिचा संसार. फरक आहे तो जबाबदारीचा. फॉर्म पाठवताना ब्राउझर बरेच काही न सांगता करून टाकतो. नाव न दिलेला रकाना, निष्क्रिय केलेला रकाना, टिक न केलेला चेकबॉक्स तो वगळतो. उरलेल्या नाव-मूल्यांच्या जोड्या ठरलेल्या साच्यात बसवतो. आवश्यक रकाना रिकामा राहिला तर अडवतो, एंटर दाबले तरी फॉर्म पाठवतो, उत्तर येईपर्यंत चक्र फिरवत ठेवतो, सर्व्हर सापडला नाही तर तसे सांगणारे पान दाखवतो आणि पोस्ट पद्धतीने गेलेले पान कोणी रिफ्रेश केले तर माहिती पुन्हा पाठवायची का, असे विचारतो. स्क्रिप्टने पाठवायचे ठरवले की यातले बहुतेक काम पान लिहिणाऱ्याच्या गळ्यात पडते. पाठवण्याचा कोड चार ओळींचा असतो आणि तो सहसा चुकत नाही. चुकते ते यांपैकी एखादे काम राहून गेल्यामुळे.

वेबच्या सुरुवातीला पान फक्त मागवता येत होते. १९९१ च्या मूळ एचटीटीपीत गेट ही एकच पद्धत होती. माहिती बॉडीतून पाठवणारी पोस्ट पुढे आली आणि मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० च्या तपशिलात नोंदली गेली. फॉर्म त्याआधी, नोव्हेंबर १९९५ मधल्या एचटीएमएल २.० च्या तपशिलात आहे आणि फॉर्ममधून फाइल पाठवण्याचा प्रस्तावही त्याच महिन्यातला. त्याच वर्षी नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट लिहिली. पण सर्व्हरशी बोलण्याचे साधन तिला सुरुवातीला मिळाले नाही. रकाना रिकामा आहे का ते पाहावे, चित्र बदलावे, इतपतच तिचे काम. तरीही लोकांनी आडवाटा शोधल्या. अदृश्य चित्राच्या पत्त्यातच माहिती जोडायची आणि चित्र मागवण्याच्या निमित्ताने ती सर्व्हरला पोचवायची, ही त्यातली सगळ्यात टिकाऊ. जाहिरातींच्या मोजमापात ती आजही वापरात आहे. दुसरी वाट लपवलेल्या फ्रेमची: फॉर्म त्या फ्रेममध्ये पाठवायचा, म्हणजे मुख्य पान जागेवर राहते.

सरळ रस्ता मायक्रोसॉफ्टमधून आला. एक्सचेंज २००० सोबत द्यायच्या आउटलुक वेब अ‍ॅक्सेससाठी, म्हणजे ब्राउझरमधून ऑफिसची मेल वाचण्यासाठी, पान न बदलता सर्व्हरशी बोलणारा घटक हवा होता. अ‍ॅलेक्स हॉपमन यांनी तो लिहिला आणि एक्सएमएलच्या लायब्ररीबरोबर मार्च १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये तो बाहेर पडला. मोझिलाने तसाच घटक ब्राउझरमध्ये अंगभूत करून एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट या लांबलचक नावाने दिला. सफारीत तो २००४ साली आला, ऑपेरात २००५ साली. पाच-सहा वर्षे हत्यार हाताशी असूनही त्याकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. एप्रिल २००४ मध्ये जीमेल आणि फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स आले, तेव्हा त्याचे बळ सामान्य वापरणाऱ्यालाही दिसले. त्याच फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी एका लेखात या साऱ्या तंत्राला अजॅक्स हे नाव दिले आणि ते रूढ झाले. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये हा घटक एका पद्धतीने बनवायचा आणि बाकीच्या ब्राउझरांत दुसऱ्या, ही कटकट २००६ मधल्या सातव्या आवृत्तीपर्यंत चालली. त्याच वर्षी आलेली जॉन रेसिग यांची जेक्वेरी लोकप्रिय होण्यामागे ही कटकट झाकण्याचा मोठा वाटा होता. आज नव्या कोडमध्ये याच कामासाठी फेच हे अंगभूत फंक्शन वापरतात. क्रोममध्ये ते एप्रिल २०१५ मध्ये आले, फायरफॉक्समध्ये त्याच वर्षी, सफारीत २०१७ साली. जुना घटक अजूनही चालतो, आणि फाइल अपलोड होताना किती टक्के गेली हे दाखवायचे असेल तर अनेक जण मुद्दाम त्याच्याकडेच वळतात.

पद्धत निवडताना गेट आणि पोस्ट यांतला फरक सुरक्षिततेचा असल्याचे सांगितले जाते, ते अर्धेच खरे. गेटची माहिती पत्त्यात बसते. त्यामुळे ती ब्राउझरच्या हिस्ट्रीत राहते आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये उतरते, म्हणून पासवर्ड तिथे घालू नये हे बरोबर. पण एचटीटीपीएस नसेल तर पोस्टची बॉडीही वाटेत कोणालाही वाचता येते. खरा फरक वचनाचा आहे. गेटने काही बदलणार नाही असे मानून ब्राउझर, प्रॉक्सी आणि सर्च इंजिने वागतात. ते वचन मोडले की काय होते हे मे २००५ मध्ये दिसले. गूगलने वेब अ‍ॅक्सेलरेटर नावाचे साधन काढले. माणूस पान वाचत असताना ते त्यातले दुवे आधीच आणून ठेवायचे. काही वेब अ‍ॅपमध्ये नोंद डिलीट करण्याचा दुवा साधा गेटचा होता. साधनाने तोही इमानेइतबारे उघडला आणि लोकांच्या नोंदी गायब झाल्या. साधनाला दोष देणारे तेव्हा पुष्कळ होते. दोष दुव्याचा होता.

पाठवायची माहिती कोणत्या रूपात बांधायची, हा पुढचा निर्णय. फॉर्मचे जुने रूप म्हणजे नाव, बरोबरचे चिन्ह, मूल्य आणि जोड्यांमध्ये अँपरसँड. साधी इंग्रजी अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हे सोडून प्रत्येक बाइट इथे टक्क्याचे चिन्ह आणि दोन सांकेतिक अंक असा तीन चिन्हांत लिहावा लागतो. मराठीला हे महाग पडते. 'पुणे' या शब्दात संगणकाच्या दृष्टीने चार चिन्हे आहेत: प, उकार, ण आणि मात्रा. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात प्रत्येकाला तीन बाइट लागतात. 'प' चे बाइट २२४, १६४, १७०. उकाराचे २२४, १६५, १२९. चार चिन्हांचे झाले १२ बाइट, आणि टक्केवाल्या रूपात ३६ चिन्हे. अपाची सर्व्हर विनंतीची पहिली ओळ, वेगळे काही सांगितले नसेल तर, ८१९० बाइटपर्यंतच स्वीकारतो. म्हणजे गेटने पाठवलेला मराठी मजकूर काना-मात्रा धरून नऊशे चिन्हांच्या आसपास अडतो. तेवढ्याच इंग्रजी मजकुराला निम्मीही जागा लागत नाही. इंग्रजीत तपासून पाहिलेला तक्रारीचा अर्ज मराठीत अडतो, त्याचे एक कारण हे.

फाइल असेल तर अनेक भागांचे मल्टिपार्ट रूप वापरतात. त्यात बाइट जसेच्या तसे जातात आणि प्रत्येक भागाच्या सीमेवर एक खुणेची ओळ असते. ती खूण ब्राउझर स्वतः ठरवतो आणि हेडरमध्ये लिहितो. कोडमध्ये फॉर्मडेटा हे असे रूप बांधणारे साधन वापरूनही एखादा नवशिका कंटेंट-टाइपचा हेडर हाताने भरतो. खूण त्यात नसते आणि सर्व्हरला भाग वेगळे करताच येत नाहीत. इथे काही न लिहिणे हेच बरोबर. जेसन या मजकुराच्या रूपाचे नेमके उलटे आहे. मजकूर म्हणून पाठवलेल्या जेसनवर फेच आपणहून साध्या मजकुराचे लेबल लावते. सर्व्हरवरचा कोड जेसनचे लेबल नसलेली बॉडी उघडत नसेल, तर माहिती पोचूनही रिकामी दिसते आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या कोडमध्ये चूक शोधत बसतात.

जेसन डग्लस क्रॉकफर्ड यांनी प्रचारात आणले. त्याचे संकेतस्थळ आधी निघाले आणि २००६ साली त्याचा पहिला आरएफसी, म्हणजे तांत्रिक तपशिलाचा दस्तऐवज. आज स्क्रिप्टने जाणारी बहुतेक माहिती याच रूपात जाते. ते वाचायला सोपे आहे, आत रचना ठेवता येते, मराठी अक्षरे टक्क्यांविना थेट यूटीएफ-८ मध्ये जातात. मात्र त्यात आकडा, मजकूर, खरे-खोटे, रिक्त, यादी आणि नाव-मूल्यांचा संच, एवढेच प्रकार आहेत. तारीख हा प्रकारच नाही. जावास्क्रिप्टमधली तारीख जेसनमध्ये जाताना ग्रीनिचच्या वेळेत लिहिली जाते. भारतात कोणी १ मे ही तारीख निवडली आणि कोडने ती स्थानिक मध्यरात्र धरली, तर सर्व्हरकडे ३० एप्रिल, संध्याकाळचे साडेसहा अशी नोंद जाते. तिथे फक्त तारखेचा भाग ठेवला की महाराष्ट्र दिनी जन्मलेले मूल एक दिवस आधीचे ठरते. जन्मतारीख ही वेळ नाही, ते तीन आकडे आहेत. ती मजकूर म्हणूनच पाठवावी. खाते क्रमांकाचेही तसेच. आकडा म्हणून पाठवला की आधीची शून्ये गळतात, आणि ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढच्या पूर्णांकांची जावास्क्रिप्टला खात्री देता येत नाही.

मराठी कीबोर्डने आणखी एक पेच घातला आहे. पिनकोडच्या साध्या रकान्यात कोणी ४११००४ असे देवनागरी अंक लिहिले, तर जावास्क्रिप्टचे आकड्यात रूपांतर करणारे फंक्शन ते ओळखत नाही. 'हा आकडा नव्हे' असे विशेष मूल्य हाती येते, आणि हे मूल्य जेसनमध्ये गेले की त्याचे निमूटपणे रिक्त होते. एरर नाही, इशारा नाही; अर्ज पोचतो, पिनकोड पोचत नाही. गंमत अशी की तेच अंक मजकूर म्हणून पाठवले आणि सर्व्हरवर पायथन असेल, तर पायथन ते बिनतक्रार आकड्यात बदलते. अक्षरांतही असे आहे. 'कऱ्हाड' मधला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो: वेगळा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट वेगळे. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. पाठवण्यापूर्वी किंवा नोंदवण्यापूर्वी असे पर्याय एकाच रूपात आणले नाहीत, तर डेटाबेसमध्ये एका गावाची दोन गावे होतात. यूटीएफ-८ रूढ होण्यापूर्वी, फॉन्टच्या जोरावर मराठी दाखवण्याच्या काळात, दशा याहून वाईट होती. पानावर मराठी दिसे आणि सर्व्हरवर रोमन अक्षरांचा खच पोचे.

विनंती गेल्यावर स्क्रिप्ट थांबत नाही. पानावरचा जावास्क्रिप्ट कोड एकाच धाग्यावर चालतो. उत्तर येईपर्यंत तो अडवून धरला तर बटणे, स्क्रोल, सगळेच गोठते. म्हणून विनंती सोडून द्यायची, उत्तर आल्यावर काय करायचे ते आधीच सांगून ठेवायचे आणि पुढच्या कामाला लागायचे, अशी रचना असते. त्यातून क्रमाचा प्रश्न उभा राहतो. शोधाच्या रकान्यात 'पु' लिहिल्यावर एक विनंती गेली, 'पुणे' झाल्यावर दुसरी. दुसरीचे उत्तर आधी आले आणि पहिलीचे मागून, तर रकान्यात पुणे असताना यादी पुसद आणि पुरंदरची. उपाय साधे आहेत: टाइपिंग क्षणभर थांबल्यावरच विनंती पाठवणे, नवी निघाली की जुनी रद्द करणे. फक्त एक गोष्ट विसरली जाते. रद्द करणे म्हणजे पानाने उत्तराची वाट पाहणे सोडणे. सर्व्हरपर्यंत पोचलेली विनंती तिकडे काम करतच राहू शकते.

उत्तर आले म्हणजे काम झाले, असेही नाही. फेच फक्त नेटवर्क कोलमडले तरच अपयश मानते. सर्व्हरने ४०४ म्हणून पत्ता नाकारला किंवा ५०० म्हणून हात टेकले, तरी फेचच्या लेखी उत्तर मिळाले. स्थितीचा क्रमांक स्वतः पाहून निर्णय घ्यावा लागतो. तो न पाहता 'आपला अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला' असा हिरवा पट्टा दाखवणारी पाने कमी नाहीत. ४०१ म्हणजे लॉगिन संपले, ४०९ म्हणजे दुसऱ्या कोणी तीच नोंद बदलली आहे, ४१३ म्हणजे फाइल फार मोठी, ४२९ म्हणजे जरा थांबा. प्रत्येकाला माणसासमोर ठेवायचे वाक्य वेगळे. फेचला ठरावीक वेळेची मर्यादाही पान लिहिणाऱ्यालाच घालावी लागते.

सगळ्यात अवघड प्रसंग उत्तर न येण्याचा. कसाऱ्याच्या घाटात गाडी बोगद्यात शिरते त्या क्षणी कोणी पैसे भरण्याचे बटण दाबले. पानाला कळते ते इतकेच की उत्तर नाही. विनंती पोचलीच नाही, की पोचून पैसे कापले गेले आणि परतीचे उत्तर हरवले, हे पानाला कधीही सांगता येत नाही. पुन्हा पाठवावे तर दोनदा कापले जाण्याची भीती, न पाठवावे तर काम राहण्याची. बटण निष्क्रिय करून ठेवणे हा अर्धा उपाय. माणूस पान पुन्हा उघडू शकतो. पूर्ण उपाय सर्व्हरच्या मदतीनेच होतो. पान प्रत्येक व्यवहाराला एक न पुनरावृत्त होणारी ओळख देते आणि विनंतीसोबत पाठवते. तीच ओळख दुसऱ्यांदा आली तर सर्व्हर काम पुन्हा करत नाही, पहिलेच उत्तर परत देतो. स्ट्राइपसारख्या पेमेंट सेवा यासाठी खास हेडर ठेवतात. पुट आणि डिलीट या पद्धतींचा करारच असा आहे की एकदा करा वा दहादा, परिणाम एकच. पोस्टला ते वचन नाही.

एका साइटवरच्या स्क्रिप्टने दुसऱ्या साइटशी किती बोलावे, यावर ब्राउझर पहारा ठेवतो. प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट हे तिन्ही जुळले तरच दोन पत्ते एका घरचे. परक्या घरचे उत्तर स्क्रिप्टला वाचता येत नाही. त्या घराने हेडरमधून परवानगी दिली तर येते. ही परवानगीची पद्धत कॉर्स नावाने ओळखली जाते आणि जानेवारी २०१४ मध्ये वेबचे तपशील ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने ती शिफारस म्हणून मान्य केली. काही विनंत्यांच्या आधी ब्राउझर ऑप्शन्स पद्धतीची चौकशीची विनंती पाठवतो आणि होकार आल्यावरच खरी सोडतो. जेसनचे लेबल लावलेल्या पोस्टसाठी ही चौकशी होते, फॉर्मच्या तीन जुन्या रूपांसाठी होत नाही. हा भेद वरवर मनमानी वाटतो, पण कारण इतिहासात आहे. साधा फॉर्म कोणत्याही परक्या पत्त्यावर माहिती पाठवू शकतो, हे स्क्रिप्टच्या आधीपासून चालत आले होते. त्याला नव्याने अडवले असते तर जुने वेब मोडले असते. नियम घातला गेला तो फॉर्मला जे जमत नव्हते त्याच्यावर.

इथेच मोठा गैरसमज होतो. कॉर्समुळे सर्व्हर सुरक्षित झाला असे समजले जाते. फॉर्मसारख्या साध्या विनंतीबाबत तो पहारा उत्तर वाचण्यावर आहे, विनंती पोचण्यावर नाही. बँकेत लॉगिन असलेला माणूस दुसऱ्याच कुठल्या पानावर गेला आणि त्या पानाने गुपचूप बँकेच्या पत्त्यावर फॉर्म पाठवला, तर ब्राउझर त्यासोबत बँकेची कुकीही जोडून देत असे. सर्व्हरला ती विनंती खातेदाराचीच वाटे. यावर दोन बांध आहेत. पानासोबत सर्व्हरने एक गुप्त टोकन द्यायचे आणि विनंतीत ते परत मागायचे. परक्या पानाला ते वाचता येत नसल्याने त्याची विनंती फसते. दुसरा कुकीवरचा सेमसाइट हा गुण. तो न लिहिलेल्या कुकीही परक्या साइटवरून निघालेल्या पोस्टसोबत पाठवायच्या नाहीत, असे धोरण क्रोमने २०२० पासून लागू केले.

हे बांध कुठे फुटतात, याचा धडा ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या समाजमाध्यमाच्या साइटवर मिळाला. सॅमी कामकर या १९ वर्षांच्या तरुणाने आपल्या प्रोफाइलमध्ये स्क्रिप्ट लपवली. मायस्पेस 'जावास्क्रिप्ट' हा शब्द गाळून टाकत असे. त्याने तो शब्द मध्ये ओळ तोडून लिहिला. गाळणीला तो दिसला नाही, काही ब्राउझरांनी मात्र दोन तुकडे जोडून घेतले. प्रोफाइल एका होस्टवर होते आणि मित्र जोडण्याचे पान दुसऱ्या, त्यामुळे एक घर नसल्याचा नियम आडवा आला. तेच प्रोफाइल दुसऱ्या होस्टवरूनही उघडत होते, म्हणून स्क्रिप्टने पान आधी तिकडे नेले. मग एका विनंतीने पान मागवून त्यातले गुप्त टोकन वाचले, दुसऱ्या विनंतीने ते टोकन जोडून सॅमीला मित्र केले आणि पुढे बघणाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये स्वतःची प्रत चिकटवली. वीस तासांच्या आत दहा लाखांहून जास्त लोक त्याचे मित्र झाले आणि मायस्पेसला साइट बंद ठेवावी लागली. कामकर यांनी २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्यांना प्रोबेशन आणि सामुदायिक सेवा मिळाली. टोकन होते, एक घर असण्याचा नियमही होता. पण परका मजकूर एकदा आपल्याच पानावर स्क्रिप्ट म्हणून चालला की तो घरचाच ठरतो, आणि मग कुठलाही बांध त्याला ओळखत नाही.

म्हणून लोकांनी पाठवलेला मजकूर पानावर दाखवताना तो मजकूरच राहील, कोड होणार नाही, याची काळजी सर्व्हरने आणि पानाने दोघांनी घ्यायची असते. पानावरच्या तपासण्या माणसाच्या सोयीसाठी असतात, सर्व्हरच्या रक्षणासाठी नव्हे. मोबाइल क्रमांक दहा अंकी आहे का हे पानाने पाहिले तर भरणाऱ्याचा वेळ वाचतो. पण विनंती पाठवायला पान लागतच नाही. कमांड लाइनवरून कोणीही हवी तशी विनंती रचू शकतो. वस्तूची किंमत पानातल्या लपवलेल्या रकान्यात ठेवून तीच खरी मानणारी दुकाने वेबच्या पहिल्या दशकात होती, आणि किंमत बदलून खरेदी करणारे गिऱ्हाईकही. सर्व्हरने किंमत स्वतःच्या नोंदीतून काढावी, प्रत्येक मूल्य नव्याने तपासावे आणि डेटाबेसच्या क्वेरीत ते थेट चिकटवू नये.

आतापर्यंतची माहिती माणसाने बटण दाबून दिलेली होती. स्क्रिप्टला बटणाची गरज नसते. रकान्यात लिहिलेले अक्षर, माऊसची हालचाल, पानावर घालवलेली मिनिटे, काहीही कधीही पाठवता येते. पान बंद होताना साधी विनंती मध्येच मरते, म्हणून २०१४ च्या सुमारास ब्राउझरांत सेंडबीकन आले. ते माहिती ब्राउझरच्या हवाली करते आणि पान गेले तरी ब्राउझर ती पोचवतो. उत्तर मात्र मिळत नाही आणि आकाराला साधारण ६४ किलोबाइटची मर्यादा असते. मसुदा वाचवायला हे साधन जितके उपयोगी, तितकेच अर्धवट भरून सोडून दिलेल्या फॉर्ममधला फोन नंबर उचलायलाही. तांत्रिकदृष्ट्या दोन्ही विनंत्यांत काडीचा फरक नाही. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने हा फरक संमतीवर ठेवला आहे: कोणती माहिती कशासाठी घेतली जाते याची सूचना द्यायची आणि ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला ठेवायचा. मराठी त्या भाषांत आहे. कोडच्या बाजूने याचा अर्थ असा की होकाराची नोंद आधी तपासायची आणि मगच पाठवणारी ओळ चालवायची. मोजमापाची स्क्रिप्ट पानाच्या वरच्या भागात असेल, तर संमतीची चौकट दिसण्याआधीच तिची पहिली विनंती गेलेली असते. म्हणून अशी स्क्रिप्ट होकार मिळाल्यानंतरच पानात आणतात.